पेपेलाचा मुलगा

पेपेला म्हातारीच्या घरात ‘चोर’ हा शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. अख्खं कुतायसी शहर तिच्या मुलाला चोर म्हणत होतं, आणि तेही मान तुकवून. पण म्हातारीसमोर कुणाच्या तोंडून चुकून तो शब्द गेलाच, तर ती हातातलं काम खाली ठेवून विचारायची, "कुणाचं काय चोरलं त्यानं? नाव सांग, आत्ता परत देते."  मुरमान त्या अर्थाचा चोर नव्हताच. खिसेकापूंना तिकडे कोण विचारतो? चोर म्हणजे ज्याला तुरुंगातल्या जुन्या चोरांनी मुकुट चढवला तो माणूस. मुकुट काही सोन्याचा नव्हे. कोंदट कोठडीत चौघं बसायचे, "हा आमच्यातला" एवढं म्हणायचे, की झालं. त्या दिवसापासून सरकारची चाकरी करायची नाही, लग्न करायचं नाही, घरादाराचे पाश तोडायचे, आणि कुणीही विचारलं, "तू चोर आहेस का?" तर नाही म्हणायचं नाही. जीव गेला तरी नाही म्हणायचं नाही.

मुरमानला हा मान मिळाला तेव्हा तो ऐन पंचविशीत होता. त्याआधी टायरांची गोदामं फोडून झाली होती, दोनदा आत जाऊन आला होता, आणि आत कुणाचं नाव न घेता मार खाल्ला होता. तेवढ्या भांडवलावर माणूस मोठा होत गेला. पुढे सोव्हिएत राज्य कोसळलं, वीज गेली, पोलीसच रस्त्यावर हात पसरू लागले, तेव्हा तर त्याच्या नशिबाला नुसतं उधाण आलं. नदीकाठच्या एका खानावळीच्या मागच्या खोलीत तो बसायचा. मोडलेली लग्नं, भावाभावांतल्या वाटण्या, सगळे वाद त्याच्यापुढे यायचे. कुणाची गाडी चोरीला गेली तर लोक त्याच्याकडे जात आणि संध्याकाळी गाडी दारात उभी असे. ती पळवणारेही त्याचेच, हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मिळाली ना परत, मग कशाला उगाच तोंड उघडायचं.

त्याची बहीण लामारा त्याच्याहून वर्षाने मोठी. ती आईजवळ राहायची आणि शिवणकाम करायची. लग्नाची बोलणी दोनदा आली आणि दोनदा गेली. अशा मेव्हण्याच्या घरात मुलगा द्यायला कुणाची तयारी असणार? मुरमान घरी राहत नसे, त्याच्या कायद्यात ते बसतच नव्हतं, पण रविवारी जिना चढून यायचा, आईच्या हातची मक्याची भाकरी आणि राजम्याची उसळ खायचा, आणि चोरासारखा, म्हणजे खऱ्याखुऱ्या चोरासारखा, गुपचूप जायचा.

एकदा त्याने दोन अनोळखी माणसांना जेवायला आणलं. लामाराने वाढलं. ते दोघं तळघराबद्दल काहीतरी बोलत होते, लामारा आत आली की गप्प बसत होते. त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बेझानच्या तरण्याताठ्या मुलाला कुणीतरी उचलून नेलं. बेझान रडत मुरमानच्या पायाशी आला. मुरमानने महिनाभराने मुलगा आणून दिला, एका हाताची दोन बोटं कमी होती तेवढी. बापलेकांबरोबर मुरमानही रडला. तो खरंच रडला, हे लामाराने स्वतः पाहिलं, आणि तेव्हापासून तिला आपल्या भावाची भीती वाटू लागली. बेझानने उपकाराची फेड म्हणून म्हातारीची औषधं कायमची फुकट केली. दर महिन्याला त्याच्या हातून पुडकं घेताना लामाराला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण ती मूग गिळून गप्प बसली.

आणखी एका गोष्टीबद्दल त्या घरात गप्प बसावं लागे, आणि ती गोष्ट म्हणजे पेपेलाच्या आयुष्यातलं एकमेव सुख. पूर्वी ते चियातुरात, खाणींच्या गावात राहत. बाप खाणीतल्या धुळीने खोकून खोकून मेला त्या हिवाळ्यात सतरा वर्षांचा मुरमान अग्निशामक दलात लागला होता. पितळी बटणांचा गणवेश, डोक्यावर टोपी. वसंत येईस्तोवर त्याने नोकरी केली आणि एका जळत्या गोठ्यातून म्हैस बाहेर काढली. पेपेलाने त्या म्हशीची गोष्ट मरेपर्यंत सांगितली असती, पण सांगणार कुणाला? सरकारचा गणवेश एक दिवस जरी अंगावर चढला असेल, तरी त्या माणसाला चोराचा मुकुट मिळत नाही. मुरमानने ते आपल्या लोकांपासून लपवलं होतं. मुकुट मिळाल्यावर आईला आणि बहिणीला त्याने बापाच्या थडग्यापाशी नेऊन शपथ घ्यायला लावली. म्हातारीने शपथ घेतली, आणि घरी येऊन दिवसभर उशीत तोंड खुपसून पडून राहिली.

मग नवं सरकार आलं आणि त्याने नवा कायदा केला. कायदा करणारा मोठा डोकेबाज असला पाहिजे. साक्षीदार बोलत नाहीत, पुरावे मिळत नाहीत, मग चोर असणं हाच गुन्हा ठरवून टाकला. पकडायचं, कॅमेरा लावायचा आणि विचारायचं, "तू चोर आहेस का?" हो म्हणाला की दहा वर्षांपर्यंत कैद. नाही म्हणाला तर सुटेल, पण ते चित्रण गावभर दाखवतील आणि त्याची जातच त्याला वाळीत टाकील. एकेक करून सगळे आत गेले. फेब्रुवारीत मुरमानचाही नंबर लागला. तेव्हा पेपेलाला पोटाचं दुखणं लागलेलं होतं. तिला जिना उतरवत नव्हता. डॉक्टरने लामाराला बाजूला घेऊन सांगितलं, शरदात द्राक्षं उतरतील तोवर काढील, पुढचं काही खरं नाही.

म्हातारीला आपलं दुखणं बरोबर कळत होतं. तिचं एकच मागणं होतं. "माझे डोळे त्यानं मिटावेत. तू आहेस गं, पण तू रोजचीच आहेस. मी त्याच्याकडे जन्मात कधी काही मागितलं नाही. एकदा म्हणू दे त्याला सगळ्यांसमोर, की मी चोर नाही, आणि येऊ दे घरी."

वकील गोचा घामाघूम होणारा भला माणूस होता. तो म्हणाला, "लामारा, सरकारकडे दुसरं काही नाही. त्याच्या तोंडून निघेल तेवढंच. तू समजाव त्याला. माझं ऐकत नाही, उलट मलाच म्हणतो, तुम्हाला फी कशाची देतात?"

लामारा तुरुंगात भेटायला गेली. काचेपलीकडे मुरमान दाढी करून, केस नीट विंचरून बसला होता. मधल्या फोनचा आवाज खरखरत होता.

"आई कशी आहे?"

"वाट बघतेय तुझी. मेमध्ये खटला आहे, मुरमान. एक शब्द बोल आणि घरी चल. ती जाईल तेव्हा जवळ बस. मग हवं तर पुन्हा चोर हो, दरोडेखोर हो, धर्मगुरू हो, मी एका शब्दाने बोलणार नाही."

तो हसला. "धर्मगुरूची दाढी मला शोभणार नाही." मग त्याचं हसू मावळलं. "असं पुन्हा होता येत नाही गं. तीस वर्षं मी या एका शब्दावर माणसांचे निवाडे केले. शब्द फिरवला म्हणून आम्ही एकाला... जाऊ दे. आता मीच फिरवला, तर त्या सगळ्याचं काय?"

"त्या सगळ्याचं? आणि बेझानच्या मुलाच्या बोटांचं काय?"

इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा बोलून दाखवलं होतं. मुरमानने फोन एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे नेला. 

"तू नाही बोलणार, तर मी बोलते," लामारा म्हणाली. "चियातुराचं सांगते कोर्टात. ज्याने सरकारी गणवेश घातला तो चोर असूच शकत नाही. तुमचाच कायदा आहे ना?"

"तू सांगणार नाहीस."

"का नाही सांगणार?"

"कारण तू बाबांच्या थडग्यावर हात ठेवला होतास." एवढं बोलून त्याने फोन खाली ठेवला.

घरी जाताना लामाराच्या मनाने घेतलं की हाच एक मार्ग आहे. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण ती चोराच्या घरात म्हातारी होत चालली होती. चोरांचा कायदा हाच तिला खरा कायदा वाटायचा. सरकारचे कायदे येतात आणि जातात, चार सरकारं तिनेच पाहिली होती. ज्याला मुकुटाचा हक्कच नव्हता त्याला चोर म्हणून शिक्षा कशी देतील, हे तिला इतकं स्पष्ट दिसत होतं की गोचाला विचारावंसंही वाटलं नाही.

मेमध्ये कोर्ट खच्चून भरलं होतं. मागच्या बाकांवर मुरमानची माणसं काळ्या कोटात बसली होती. सरकारी वकिलाने उभं राहून विचारलं, "आरोपी चोर आहे का?" मुरमानने उत्तर देण्याआधीच लामारा उठली. 

"साहेब, हा चोर नाही. होऊच शकत नाही. हा चियातुरात अग्निशामक दलात होता. मी याची सख्खी बहीण आहे, याच्या गणवेशाला मी स्वतःच्या हाताने बटणं लावलीयत. यानं म्हैस वाचवली होती, साहेब."

म्हशीचं नाव निघताच कोर्टात हशा पिकला. मागच्या बाकांवर मात्र कुणी हसलं नाही. तिथे माणसं एकमेकांकडे बघत होती. आपण काय करून बसलो, हे तिला तेव्हा कळलं. तिच्या भावाला आता आतही जागा उरली नव्हती. खोटा मुकुट घालून मिरवणाऱ्याला तुरुंगात काय करतात, ते मुरमाननेच कधीकाळी ठरवलेलं होतं.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "आरोपी, तुमची बहीण सांगते ते खरं आहे?"

मुरमान उठला. त्याने लामाराकडे बघितलं, ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं नव्हे, तर गाडी चुकलेल्या परक्या प्रवाशाकडे बघावं तसं.

"ही बाई कोण, मला माहीत नाही. मला बहीण नाही. मी चोर आहे."

मागच्या बाकांवरची माणसं सैल झाली. सरकारला हवं ते मिळालं, त्यांनाही हवं ते मिळालं. नऊ वर्षं. लामारा खाली बसली तेव्हा शेजारच्या बाईने तिला पाण्याची बाटली दिली. तिने ती हातात धरून ठेवली, झाकण काही उघडलं नाही.

घरी म्हातारी खिडकीपाशी बसली होती. चांगला काळा रुमाल डोक्याला बांधला होता, टेबलावर चीज होतं, कोथिंबीर होती, शेजारच्या दारेजानकडून आणलेली वाईन होती, आणि तिघांची ताटं मांडलेली होती.

"काय म्हणाला?"

लामारा वाटेत काहीच ठरवून आली नव्हती. जिभेवर आलं ते ती बोलून गेली.

"नाही म्हणाला."

"नीट सांग ना. काय नाही म्हणाला?"

"म्हणाला, मी चोर नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, आई."

पेपेलाने छातीवर क्रूस काढला, मग पुन्हा काढला, आणि तोंडाला रुमाल लावून रडू लागली. इतकी आनंदाने रडताना लामाराने तिला कधी पाहिलं नव्हतं. रडून झाल्यावर तिने विचारलं, "मग आला का नाही तुझ्याबरोबर?"

"कागदपत्रं व्हायची आहेत. दोन दिवस लागतील."

लामाराने चाळीतल्या प्रत्येक दारात जाऊन हात जोडले. टीव्ही बिघडला म्हणून उचलून दारेजानकडे ठेवून दिला. सगळ्यांनी साथ दिली. बेझाननेसुद्धा. ज्याने मुलगा आणून दिला त्याचं गुपित तिने भर कोर्टात फोडलं म्हणून तो आता तिच्याशी बोलत नव्हता, पुडकं पुढे सरकवून पाठ फिरवायचा, पण म्हातारीकडे निघालेल्या कुणी विचारलं तर म्हणायचा, "सुटलाय म्हणे मुलगा." खोटं बोलायचं तर एवढ्या चांगल्या माणसांकडून वदवून घ्यावं लागलं, हेही लामाराच्या खाती जमा झालं.

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. मग त्याला सही करायला तिबिलिसीला नेलं. मग तिथे त्याला ताप आला. जूनअखेर सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा लामारा म्हणाली, तो कामासाठी तुर्कस्तानात गेलाय.

"काम? मुरमान काम करतोय?" म्हातारी उठून बसली. "कसलं गं?"

"बांधकामाचं."

"त्यांच्याकडे अग्निशामक दल नाही का? त्यानं सांगायला हवं त्यांना, की आधीचा अनुभव आहे. आता सांगायला हरकत नाही ना कुणाची?" आणि जो भेटायला येईल त्याला तिने म्हशीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तीस वर्षं कोंडलेली गोष्ट, ती रोज थोडी मोठी होत गेली. ऑगस्टपर्यंत गोठ्यात तीन म्हशी झाल्या. लोक मन लावून ऐकायचे. लामारा स्वयंपाकघरात भांडी आपटत बसायची, आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

डॉक्टरला आश्चर्य वाटत होतं. "कशावर उठून बसतायत कळत नाही," तो म्हणाला. लामाराला कळत होतं. आईचा जीव तिनेच टांगून ठेवला होता, आणि आता तो खाली कसा उतरवायचा हे तिला सुचत नव्हतं.

सप्टेंबर लागला तशी म्हातारीची बोलणी बदलली. आधी ती म्हणायची, येईल. मग म्हणू लागली, फोन तरी करायचा. मग एक दिवस तिने म्हशीची गोष्ट अर्ध्यावर सोडली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

"बांधलेला होता तेव्हा रविवारी यायचा," ती म्हणाली. "मोकळा झाला आणि मला विसरला. तुरुंगात असता तर मी म्हटलं असतं, बिचारा, येऊ शकत नाही. पण तो सुटलाय आणि येत नाही. ऐक, लामारा. मी गेले की त्याला माझ्या शवपेटीला हात लावू द्यायचा नाही."

लामाराला ते सहन झालं नाही. ती पलंगापाशी गुडघे टेकून बसली आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं. तो सुटला नाही, नऊ वर्षांची शिक्षा झाली, तो हो म्हणाला, आपणच खोटं बोललो. टीव्ही बिघडलेला नाही, दारेजानला विचार. आणि कोर्टात तो म्हणाला की मला बहीण नाही.

 म्हातारीने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"मुरमान असं म्हणेल? तुझ्याबद्दल?" ती म्हणाली. "इतकं खोटं बोलू नये गं पोरी. त्याला पाठीशी घालायचं म्हणून आता त्याला पुन्हा चोर ठरवतेस? एकदाच मेला खरं बोलला, ते तरी राहू दे त्याच्याकडे."

"आई, शप्पथ..."

"दारेजानला शिकवून ठेवलं असशील. जा, दिवा मालव."

यानंतर लामाराने खूप समजावलं, पण जितकं समजावलं तितकी म्हातारी तोंड फिरवत गेली. द्राक्षं उतरायला सुरुवात झाली होती, चाळीत नव्या रसाचा वास सुटला होता. एका दुपारी, लामारा उशी नीट करत असताना, पेपेला गेली. डोळे लामारानेच मिटले.

तिकडे मेलेल्या माणसाला एकटं जाऊ देत नाहीत. पेटी खोलीच्या मधोमध ठेवतात, काळ्या कपड्यातल्या बाया भोवती बसतात, भेटायला येणारे पेटीला फेरी घालतात, आणि घरातली बाई मोठ्याने रडून मेलेल्या माणसाला सांगत राहते, कोण कोण आलंय ते. पहिल्या दिवशी लामारा नुसती उशाशी बसून राहिली. दारेजाननेच सांगण्याचं काम केलं. बेझान आला, मुलगाही आला, दोघांनी फेरी घातली आणि लामाराचा हात हातात घेतला. मुलाच्या हाताची तीन बोटं तिला जाणवली.  मुरमानच्या लोकांकडून कुणी आलं नाही, फुलंही आली नाहीत. त्याच्या गणवेशाची गोष्ट आत पोहोचली होती आणि मुकुट केव्हाच उतरला होता. तो तुरुंगाच्या इस्पितळात आहे, एवढंच गोचाने कळवलं होतं.

शेवटच्या दिवशी पेटी उचलायची वेळ झाली. पुरुष दारापासून जिन्यापर्यंत टोप्या काढून उभे होते. खोलीत सगळे थांबले होते, कारण घरातल्या माणसाने शेवटचं काहीतरी बोलल्याशिवाय झाकण लावत नाहीत. लामारा उठली. आईच्या तोंडावर ती भिंतीकडे वळून झोपताना होती तीच नाराजी अजून होती, किंवा लामाराला तशी वाटली. खरं सांगून झालं होतं. त्याचा उपयोग झाला नव्हता.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, आणि तिचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत गेला, "आई, ऊठ गं. मुरमान आलाय. उशीर झाला त्याला, खूप उशीर झाला, पण आलाय. तुर्कस्तानातून तसाच आलाय, जेवलासुद्धा नाही. रागावू नकोस त्याच्यावर. एकदा हात लावू दे. माझा भाऊ आलाय, आई."

मुरमान कुठे आहे, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दारेजानने तोंडावर हात दाबला. आणि दारात उभे असलेले पुरुष, बेझान, त्याचा मुलगा, गोचा, सगळे दोन बाजूंना सरकले आणि त्यांनी मधे एका माणसाला आत येण्यापुरती वाट करून दिली.